आधी मागणी, मग चित्र : गेन्सबरोची व्यक्तिचित्रे कशी पाहावीत

टॉमस गेन्सबरो (१७२७–१७८८) या इंग्लिश चित्रकाराला आयुष्यभर ओढ होती निसर्गचित्रांची, आणि त्याचे घर चालले ते श्रीमंतांच्या चेहऱ्यांवर. व्यक्तिचित्रांचा आपल्याला वीट आला आहे, आपला व्हायोला द गांबा हे तंतुवाद्य उचलून एखाद्या निवांत खेड्यात जावे आणि तिथे निसर्गचित्रे रंगवीत बसावे, असे त्याने विल्यम जॅक्सन या संगीतकार मित्राला पत्रातून कळवले होते. ती निसर्गचित्रे फारशी विकली जात नसत आणि त्याच्याच घरात साठत राहत. व्यक्तिचित्रांचे दर मात्र चढत गेले. त्यामुळे त्याचे कोणतेही व्यक्तिचित्र पाहायला घेताना ते एक मागणी नोंदवून करून घेतलेले काम होते, हे प्रथम ध्यानात ठेवावे. मागणी काय होती हे आधी ठरवावे आणि मग तिच्यापलीकडे चित्रकाराने काय केले ते शोधावे. या क्रमाने पाहिले, तर एरवी एकसारख्या वाटणाऱ्या या रेशमी, देखण्या स्त्रीपुरुषांच्या रांगेत फरक दिसू लागतात. पुढील पायऱ्या त्या क्रमाच्या आहेत. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहता येतील अशा प्रतिमा आता सहज मिळतात, त्यामुळे लंडनला न जाताही यातील बहुतेक गोष्टी पडताळता येतात.

गाव आणि साल आधी ठरवावे

गेन्सबरोच्या बाबतीत चित्राचे साल कळले की गाव कळते आणि गाव कळले की गिऱ्हाईक कळते. सफक परगण्यातील सडबरी हे लोकरी कापडाचे गाव. तेथे कापडाचा व्यवसाय करणाऱ्या घरात नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. साधारण तेराव्या वर्षी तो लंडनला गेला आणि ह्यूबर्ट ग्राव्हलो या फ्रेंच उत्कीर्णनकाराच्या, म्हणजे छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरणाऱ्याच्या, हाताखाली शिकला. फ्रेंच वळणाच्या नाजूक, वेलांटीदार रेषेची सवय त्याला तेथे लागली, असे मानायला हरकत नाही. १७४६ मध्ये त्याने मार्गारेट बर हिच्याशी लग्न केले. ती ड्यूक ऑफ ब्यूफर्टची अनौरस कन्या होती आणि तिला वर्षाला २०० पौंडांची नेमणूक मिळत असे. तरुण चित्रकाराच्या चरितार्थात या रकमेचा वाटा किती मोठा होता, हे त्याची चरित्रे वाचताना पुष्कळदा नजरेतून निसटते.

१७४९ च्या सुमारास सडबरी, १७५२ पासून इप्सविच, १७५९ पासून बाथ आणि १७७४ पासून अखेरपर्यंत लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील शॉमबर्ग हाउस, असे त्याचे चार मुक्काम आहेत. पहिल्या दोन गावांत गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे जमीनदार, पाद्री आणि व्यापारी. या काळात त्याने मोकळ्या शेतात किंवा झाडाखाली बसलेली लहान आकाराची, काहीशी बाहुल्यांसारखी ताठ माणसे रंगवली. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. प्रकृतीच्या निमित्ताने इंग्लंडमधील धनिक वर्ग हंगामात तेथे उतरत असे, आणि त्यांच्यापाशी बैठकीला बसायला वेळ व खर्चायला पैसा दोन्ही असत. येथे माणसे जिवंत आकाराची होतात, रेशीम व मखमल येते, स्त्रिया उंच आणि सडपातळ दिसू लागतात. बाथच्या जवळच विल्टन हाउसमध्ये व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकाराने शतकापूर्वी रंगवलेली उमरावांची चित्रे होती. गेन्सबरोने व्हॅन डाइकच्या चित्रांच्या नकला केल्या, आणि त्या अभ्यासाचे पडसाद पुढच्या सगळ्या कामात उमटले. लंडनच्या काळात गिऱ्हाईक थेट राजघराणे झाले; १७८२ मध्ये विंडसरला त्याने राजा, राणी आणि त्यांच्या मुलांची मिळून पंधरा लंबगोल चित्रे केली. रंग पातळ आणि फटकारे मोकळे होत होत शेवटच्या दहा वर्षांत वस्त्र, झाडे आणि केस जणू एकाच द्रव्याचे बनलेले दिसतात.

कॅनव्हासचे माप मोजावे

ही पायरी बहुतेक प्रेक्षक गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत उपयोगाची आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये तयार कॅनव्हास ठरावीक मापांत मिळत आणि चित्रकारांचे दर त्या मापांवर ठरत. चेहरा व खांदे यांसाठी ३० × २५ इंच, अर्धाकृतीसाठी ५० × ४० इंच आणि पूर्णाकृतीसाठी ९४ × ५८ इंच ही मुख्य मापे होत. सेंटिमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ७६ × ६३, १२७ × १०१ आणि २३९ × १४७. अर्धाकृती या नावाने फसू नये, कारण तीत आकृती पुष्कळदा गुडघ्यापर्यंत येते. संग्रहालयाच्या नोंदीत दिलेले माप या तिन्हींशी ताडून पाहिले की गिऱ्हाइकाने काय विकत घेतले ते कळते.

दरांचा अंदाज असा. बाथला आल्यावर त्याने चेहऱ्याच्या चित्राचा दर पाच गिनींवरून आठ गिनींवर नेला, असे फिलिप थिकनेस या त्याच्या परिचिताने लिहून ठेवले आहे. १७८७ पर्यंत तोच दर ४० गिनी झाला होता. अर्धाकृतीचे ८० आणि पूर्णाकृतीचे १६० गिनी पडत. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त. गेन्सबरोचा प्रतिस्पर्धी आणि रॉयल अकॅडमी या लंडनमधील कलावंतांच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स त्याच दशकात पूर्णाकृतीचे २०० गिनी घेत असे. पूर्णाकृती घ्यायची तर नुसता पैसा पुरत नाही, ती टांगायला तितक्या उंच भिंतींचे घरही लागते. म्हणून पूर्णाकृती दिसली की त्यामागे एक मोठा वाडा आहे असे खुशाल समजावे.

आता दोन उदाहरणांवर ही पायरी वापरून पाहू. कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनातील इग्नेशियस सँचो याचे १७६८ चे चित्र सुमारे ७४ × ६२ सेंटिमीटर आहे, म्हणजे सर्वांत लहान आणि स्वस्त माप. सँचो हा आफ्रिकन वंशाचा लेखक व संगीतकार, त्या वेळी ड्यूक ऑफ माँटेग्यूच्या घरी नोकरीला होता. चित्राच्या मागे चिकटवलेल्या नोंदीनुसार ते बाथमध्ये २९ नोव्हेंबर रोजी एक तास चाळीस मिनिटांत पूर्ण झाले. माप लहान आणि वेळ थोडा, पण सँचोच्या अंगावर नोकराचा गणवेश नाही. हात जाकिटात घातलेली त्याची ढब त्या काळातील सभ्य गृहस्थांच्या चित्रांत असे, तीच आहे. चेहऱ्यावरचा तपकिरी आणि तांबूस रंग इतक्या ऊबदारपणे लावला आहे की पुष्कळ उमरावांच्या चित्रांपेक्षा हे चित्र मला अधिक जवळचे वाटते.

दुसरे उदाहरण म्हणजे १७७० च्या सुमाराचे, निळ्या रेशमी पोशाखातील मुलाचे जगप्रसिद्ध चित्र ‘द ब्लू बॉय’. त्याचे माप सुमारे १७८ × ११२ सेंटिमीटर आहे आणि ते वरीलपैकी कोणत्याच मापात बसत नाही. क्ष-किरण तपासणीत या चित्राखाली एका प्रौढ पुरुषाचे अर्धवट सोडलेले चित्र आढळले, म्हणजे कॅनव्हास आधी वापरलेला होता. नंतरच्या तपासण्यांत मुलाच्या पायाशी रंगवून पुन्हा झाकलेला एक कुत्राही सापडला. पैसे मोजून मागवलेल्या चित्रासाठी जुना कॅनव्हास वापरणे चमत्कारिक वाटते. त्यामुळे हे चित्र त्याने स्वतःच्या हौसेने, व्हॅन डाइकशी बरोबरी करून पाहण्यासाठी केले असावे, या तर्काला मापाचा आधार मिळतो. १९२१ मध्ये ते अमेरिकेतील हेन्री हंटिंग्टन यांना विकले गेले आणि आता कॅलिफोर्नियात सॅन मरिनो येथे आहे.

मागणीवरून व्यक्तिचित्रे करण्याची ही रीत इंग्रज चित्रकारांनी भारतातही आणली. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याला आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पेशवे आणि नाना फडणवीस यांचे जे तैलचित्र केले, ते याच परंपरेतील दरबारी व्यक्तिचित्र आहे. ते पाहतानाही हा क्रम उपयोगी पडतो.

चेहऱ्यापासून कडेकडे जावे

गिऱ्हाईक पैसे मोजत असे ते मुख्यतः चेहऱ्याच्या साम्याचे. म्हणून नजर चेहऱ्यावर ठेवून सुरुवात करावी आणि मग हळूहळू हात, वस्त्र, झाड, आकाश असे बाहेर सरकावे. गेन्सबरोचा स्वतःचा आनंद बहुधा कडेला सापडतो.

याचा उत्तम सराव १७५० च्या सुमाराच्या ‘मिस्टर अँड मिसेस अँड्रूज’ या चित्रावर होतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले हे चित्र सुमारे ७० × ११९ सेंटिमीटरचे, आडवे आहे. रॉबर्ट अँड्रूज आणि फ्रान्सिस कार्टर यांचे लग्न १७४८ च्या नोव्हेंबरात सडबरीच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये झाले. चित्रात ते दोघे अगदी डावीकडे ओकच्या झाडाखाली आहेत आणि उरलेली अर्ध्याहून अधिक जागा त्यांच्या मालकीच्या जमिनीने भरली आहे. मागणी कशाची होती? नवदांपत्याच्या चित्राची आणि त्यांच्या जमिनीच्याही चित्राची. उजवीकडे रचलेल्या पेंढ्यांपुढे कापलेल्या पिकाचे बुडखे सरळ ओळींत दिसतात, म्हणजे बी हाताने फेकून नव्हे तर पेरणीयंत्राने पेरले होते. मालक सुधारलेल्या पद्धतीने शेती करतो, हे चित्र आवर्जून सांगते. इथवर सगळे मागणीनुसार आहे. त्यानंतर वरचे आकाश पाहावे. पावसाळी ढगांची ती करडी, हलती गर्दी कोणी मागितली नव्हती. बाईंच्या मांडीवरही एकदा बारकाईने पाहावे. निळ्या घागऱ्यावर तेथे रंग न भरलेला एक डाग तसाच राहिला आहे. तेथे काय यायचे होते, यावर शिकार केलेल्या पक्ष्यापासून तान्ह्या मुलापर्यंत अनेक तर्क झाले. निकाल लागलेला नाही, आणि तो लागावा अशी फार गरजही नाही.

मागणी अजिबात नसली की हा चित्रकार कसा रंगवतो, हे कळण्यासाठी त्याने आपल्या मुलींचे केलेले चित्र मध्येच पाहून घ्यावे. मेरी आणि मार्गारेट हातात हात घालून फुलपाखरामागे धावत आहेत, असे १७५६ च्या सुमाराचे हे चित्रही नॅशनल गॅलरीत आहे. पार्श्वभूमी आणि कपडे त्याने अर्धवटच सोडले आहेत, चेहरे मात्र पूर्ण आहेत. धाकटी फुलपाखरू धरायला हात पुढे करते आणि थोरली किंचित मागे ओढते. पैसे देणाऱ्या कोणत्याही घराने हे असे अपुरे चित्र स्वीकारले नसते.

कपडे कोणाचे आहेत ते विचारावे

त्या काळातील नामांकित चित्रकार वस्त्रे रंगवण्यासाठी वेगळा माणूस ठेवीत. रेनॉल्ड्सकडे पीटर टॉम्स हे काम करीत असे. ऐन भरभराटीच्या १७५८ सालात रेनॉल्ड्सकडे सुमारे दीडशे माणसे बैठकीला येऊन गेली. इतका पसारा एका हाताने आवरणे शक्यच नव्हते. गेन्सबरो बहुतांशी कपडे स्वतः रंगवी. म्हणून त्याच्या चित्रात चेहरा आणि बाही यांवरील फटकारे एकाच हाताचे वाटतात. इतरांच्या चित्रांत पुष्कळदा मान संपते तेथे चित्रकार बदलल्यासारखे दिसते.

कपड्यांविषयी त्याचे मत ठाम होते. १७७१ मध्ये अर्ल ऑफ डार्टमथ यांना लेडी डार्टमथ यांचे चित्र हुबेहूब वाटेना. चित्रात काल्पनिक, जुन्या धाटणीचा पोशाख घातला होता. गेन्सबरोने त्यांना कळवले की, माणसांना सोंगाड्यांसारखे सजवायचे आणि मग साम्याची अपेक्षा धरायची, ही चित्रकारांची रीत मूर्खपणाची आहे. चित्रातला चेहरा बोलत नाही, हलत नाही, तेव्हा ओळख पटण्यात नेहमीच्या कपड्यांचाही वाटा असतो, असा त्याचा युक्तिवाद होता. रेनॉल्ड्सची शिकवण नेमकी उलटी होती. रोजची फॅशन चित्राला क्षुद्र करते, म्हणून वस्त्र कालातीत असावे, असे तो अकॅडमीतील व्याख्यानांत सांगत असे. मग ‘द ब्लू बॉय’च्या अंगावर सतराव्या शतकातील पोशाख कसा? तो पोशाख गेन्सबरोच्या स्वतःच्या चित्रशाळेतला असावा, कारण तो त्याच्या आणखी काही चित्रांतही दिसतो. म्हणजे चित्रात जुना पोशाख दिसला की व्हॅन डाइकची आठवण जागवायची होती असे धरावे, आणि चालू फॅशन दिसली की साम्य साधायचे होते असे धरावे. हा नियम प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही, पण सुरुवातीला पुरतो.

दुरून पाहावे, जवळून पाहावे, पुन्हा दुरून पाहावे

गेन्सबरोची कामाची पद्धत समकालीनांनी नोंदवून ठेवली आहे. ओझायस हम्फ्री या चित्रकाराने, जो पुढे कोलकाता आणि लखनौ येथेही काम करून गेला, त्याला बाथमध्ये पाहिले होते. हम्फ्रीच्या सांगण्यानुसार सुरुवातीला खोलीत इतका अंधूक उजेड असे की, समोरचा माणूस आणि चित्र दोन्ही जेमतेम दिसत. अशा उजेडात बारकावे दिसत नाहीत, केवळ छायाप्रकाशाचे मोठे भाग दिसतात, आणि त्याला तेच हवे होते. कॅनव्हास तो बसलेल्या माणसाच्या अगदी शेजारी आणी, म्हणजे दोन्हींकडे एकाच अंतरावरून पाहता येई. त्याच्या काही कुंचल्यांचे दांडे सहा फुटांपर्यंत लांब होते, असेही सांगितले जाते. रंग तो इतका पातळ करी की तो कॅनव्हासवरून ओघळायला यावा.

म्हणून प्रतिमा आधी हाताच्या पंजाएवढी लहान करून पाहावी, मग वस्त्राच्या किंवा झाडाच्या एका भागावर जितके जाता येईल तितके जवळ जावे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधील मिसेस शेरिडन यांचे १७८५–८७ चे चित्र यासाठी उत्तम. जवळून वारा, केस, पाने आणि ओढणी यांतील सीमा उरत नाही. तिरकस ओरखडे तेवढे दिसतात. गेन्सबरोच्या मृत्यूनंतर १७८८ च्या डिसेंबरात रेनॉल्ड्सने आपले संपूर्ण व्याख्यान त्याच्यावर दिले. त्यात या विचित्र ओरखड्यांचा उल्लेख आहे, आणि विशिष्ट अंतरावरून ते जादूसारखे आकार घेतात, ही कबुलीही आहे. प्रतिस्पर्ध्याकडून आलेली ही दाद मला त्याच्यावरच्या नंतरच्या बहुतेक लेखनापेक्षा नेमकी वाटते.

अंतराच्या याच प्रश्नावरून अकॅडमीशी त्याचे कायमचे बिनसले. १७६८ मध्ये अकॅडमी स्थापन झाली तेव्हापासून तो सदस्य होता. पण प्रदर्शनात पूर्णाकृती चित्रे दारांच्या वरच्या रेषेला धरून, सुमारे आठ फूट उंचीवर टांगण्याचा प्रघात होता. १७८४ मध्ये त्याने राजाच्या तीन थोरल्या मुलींचे चित्र पाठवले आणि ते साडेपाच फुटांहून उंच लावू नये, नाहीतर साम्य आणि काम दोन्ही दिसणार नाही, असे कळवले. समितीने नियमावर बोट ठेवले. गेन्सबरोने सगळी चित्रे परत मागवली, पुन्हा तेथे कधीही चित्र ठेवले नाही आणि शॉमबर्ग हाउसमध्ये स्वतःची प्रदर्शने भरवली. त्या तीन राजकन्यांचे चित्र पुढच्या शतकात एका दारावर बसावे म्हणून खालून-वरून कापण्यात आले. पाय गेले, आणि चित्र अखेर उंचावरच गेले.

एकाच व्यक्तीची दोन चित्रे समोरासमोर ठेवावीत

अभिनेत्री सेरा सिडन्स हिला रेनॉल्ड्सने १७८४ मध्ये आणि गेन्सबरोने १७८५ मध्ये रंगवले. दोन्ही प्रतिमा पडद्यावर शेजारी ठेवाव्यात. रेनॉल्ड्सचे चित्र पूर्णाकृतीच्या मापाचे. सिडन्स सिंहासनावर शोकांतिकेची देवता होऊन बसली आहे, मागे कट्यार आणि पेला घेतलेल्या दोन आकृती आहेत, आणि रेनॉल्ड्सने आपली सही तिच्या वस्त्राच्या काठावर केली आहे. गेन्सबरोचे चित्र १२६ × ९९.५ सेंटिमीटरचे, म्हणजे अर्धाकृती. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झगा, पिसे लावलेली मोठी काळी टोपी, हातात केसाळ मफ (हात ऊबदार ठेवण्याचे आवरण) आणि मागे लाल पडदा. रंगभूमीची एकही खूण नाही. दिसते ती भेटीला आलेली, यशस्वी आणि थोडीशी अधीर बाई. तिच्या नाकाला अंतच नाही, असे म्हणून गेन्सबरो वैतागल्याची आख्यायिका आहे. नाक तरीही त्याने लहान केले नाही, हे चित्रात स्पष्ट दिसते.

रेनॉल्ड्सची इतर चित्रे पाहताना एक सावधगिरी बाळगावी. त्याने वापरलेले काही तांबडे रंग टिकले नाहीत, त्यामुळे त्याच्या अनेक चित्रांतील चेहरे आज मूळ रंगापेक्षा पांढुरके दिसतात. गेन्सबरोच्या चेहऱ्यांवरील तजेला पाहून त्याला जास्त गुण देण्याआधी रसायनाचा हा भाग वजा करावा.

हात कोणाचा हे शेवटी पाहावे

पुतण्या-भाचे, शिष्य, नकलाकार असा मोठा गोतावळा गेन्सबरोभोवती नव्हता. त्याचा भाचा गेन्सबरो ड्यूपाँ हा एवढाच त्याचा मदतनीस. १७७२ पासून तो उमेदवारी करीत होता आणि मामाच्या मृत्यूनंतर काही वर्षे त्याने स्वतंत्रपणे कामही केले. १७९७ मध्ये तोही वारला. लंडनच्या काळातील चित्र मामाचे की भाच्याचे, हा प्रश्न लिलावांत आणि संग्रहालयांत आजही उपस्थित होतो. ओरखडे दोघांचेही असतात. मामाच्या ओरखड्यांची दिशा आकारानुसार वळते. खांद्यावर गोलाई घेते, झाडात पसरते, ओढणीत हलकी होते. भाच्याच्या कामात तेच ओरखडे पुष्कळदा एकाच दिशेने, एकाच दाबाने येतात आणि वस्त्राखालचे शरीर हरवते. शंका आली की चेहरा सोडून द्यावा, कारण चेहऱ्याची नक्कल सर्वांत सोपी. मनगट जेथे बाहीतून बाहेर येते ती जागा मोठी करून पाहावी.